तोंडावर न घ्यायचं नाव

कॅन्ससच्या कायद्यात शहरांचे तीन वर्ग आहेत. नॉयडॉर्फ तिसऱ्या वर्गात येतं. चौथा वर्ग नाही म्हणून, असता तर त्यात आलं असतं. नावाचा अर्थ 'नवं खेडं'. म्हणजे नावात खेडं, कागदावर शहर, आणि डोळ्यांनी पाहायला गेलं तर साठेक माणसं, एक विहीर, पाण्याची एक उंच टाकी, अकरा दिव्यांचा एक रस्ता, आणि आख्खं गाव आत बसवून वर पाहुण्यांनाही जागा उरेल एवढं दगडी चर्च. पण शहर ते शहरच. त्याला मेयर होता, कौन्सिल होती, आणि कुत्री मोकळी सोडू नयेत असा एक ठराव होता. तो कुत्री सोडून सगळ्यांना पाठ होता.

इथल्या लोकांचे पणजे-खापरपणजे रशियातून, व्होल्गेच्या काठच्या जर्मन वस्त्यांमधून आले. येताना त्यांनी गव्हाचं बियाणं आणलं, कोबीच्या पाककृती आणल्या, आडनावं मात्र मोजकीच आणली. त्यात पोरांना नावं ठेवायची ती संतांचीच. मग एकाच रस्त्यावर तीन अल्विन गर्स्टनर झाले तर करायचं काय? टोपणनाव ठेवायचं. एक बदक-अल्विन, एक लाल-अल्विन. तिसरा वारला, त्यामुळे त्याचं आता उघड सांगायला हरकत नाही: कवडी-अल्विन.

पूर्वजांची बोली आता फक्त शिव्यांत आणि टोपणनावांत उरली आहे. आणि टोपणनावाचा नियम एकच. ज्याचं आहे त्याच्या तोंडावर ते घ्यायचं नाही. कधीही नाही. साऱ्या गावाला ठाऊक, त्या एकट्याला नाही. माणूस ऐंशी वर्षं जगतो, थडग्यावर कागदोपत्री नाव कोरून घेतो, आणि आयुष्यभर लोक आपल्याला काय म्हणत होते हे न कळताच निघून जातो. परक्याला हा दुष्टपणा वाटेल. नॉयडॉर्फमध्ये याला सभ्यपणा म्हणतात.

एल्विया रेंतेरियाला गावातली सगळी टोपणनावं ठाऊक होती. ती नि तिचा नवरा रोहेलियो दहा वर्षांपूर्वी इथं आले. त्याआधीची सगळी वर्षं पश्चिमेकडच्या मांस कारखान्याच्या गावात गेली होती, भाड्याच्या ट्रेलरमध्ये, जिथं शेजारी दर सहा महिन्यांनी बदलत. नॉयडॉर्फची बंद पडलेली बँक स्वस्तात मिळाली. एल्वियानं तिथं कॅफे काढला. तिजोरीच्या खोलीत मैद्याची पोती ठेवली, आणि उंदीर आत शिरू नयेत म्हणून जाड पोलादी दार रोज लावून घेऊ लागली.

पहिल्या हिवाळ्यात तिच्या कॅफेत चिटपाखरू फिरकत नव्हतं. मग एके दिवशी मेयरची बायको, बर्नडीन डेशांट, मागच्या दारानं आत आली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "हे बघ, तुझं जेवण चांगलं असेल, पण गुरुवारी बिरॉक नसेल तर इथं कुत्रंसुद्धा येणार नाही. मैदा काढ." कोबी आणि खिमा भरलेले ते बन एल्विया तिच्या हाताखाली शिकली. पीठ मळता मळता बर्नडीननं तिला एकेकाचं टोपणनाव सांगितलं, त्यामागची हकिगत सांगितली, आणि प्रत्येक वेळी पिठाचं बोट ओठांवर ठेवून बजावलं, "तोंडावर नाही हं." बर्नडीनला जाऊन आता चार वर्षं झाली. एल्विया अजून गुरुवारी तिच्याच हातानं मीठ घालते, म्हणजे जरा जास्तच.

आपल्यालाही एखादं टोपणनाव असेल, हे एल्वियाच्या कधी मनातही आलं नाही. ती नावं त्यांची त्यांच्यात, असं तिनं धरलं होतं. आणि इथंच ती फसली. तिला नाव होतं. पहिल्याच वर्षापासून होतं.

झालं असं की ती एकदा कौन्सिलच्या बैठकीला जाऊन बसली होती. नॉयडॉर्फच्या इतिहासात बैठकीला बघे म्हणून कुणी आलेलं नव्हतं. म्हातारे आपापल्या शर्टाच्या बटणांशी बोलावं तसे पुटपुटत होते. एल्वियानं थोडा वेळ कान दिला, मग मागच्या बाकावरून खणखणीत आवाजात म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला! मीही इथंच राहते!" सगळे दचकले. एका ठार बहिऱ्या म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणते? शेजाऱ्यानं त्याच्या कानात जुन्या बोलीत सांगितलं, "लाउटर." मोठ्यानं. झालं. दुसऱ्या दिवसापासून ती गावासाठी लाउटर झाली. लाउटरकडे कॉफी प्यायला जाऊ. लाउटरच्या नवऱ्याला ट्रॅक्टर विचारू. लाउटरनं आज मीठ जास्त घातलंय.

अशी दहा वर्षं गेली, आणि अँब्रोज डेशांट मेयरपद सोडतो म्हणाला. सव्वीस वर्षं तो मेयर होता. अर्ज त्यानं कधी भरला नाही. मतपत्रिकेवर मेयरपदापुढे एक रिकामी ओळ असे, तिच्यावर लोक त्याचं नाव लिहीत, आणि तो दर वेळी हताश चेहऱ्यानं शपथ घेई. आता गुडघे गेले होते. विचिटा शहरात राहणारी मुलगी बोलावत होती. कौन्सिलचे उरलेले तीन म्हातारेही म्हणाले, नवा मेयर मिळाला तर आम्ही बसतो, नाहीतर शहर मोडीत काढू. काउंटी, म्हणजे जिल्हा, काय करायचं ते करेल. विहीर बुजवेल, दिवे काढेल, टाकीवरचं नाव पुसेल.

ऑक्टोबरात चर्चचं सॉसेजचं जेवण होतं. सगळं गाव लांब टेबलांना लागून बसलेलं. एल्विया उठून उभी राहिली. गेल्याच वर्षी तिला नागरिकत्व मिळालं होतं. मत द्यायची ही पहिलीच वेळ, आणि ही बाई मत मागायला उभी.

"मी होते मेयर," ती म्हणाली. "तुम्हाला चालत असेल तर. त्या रिकाम्या ओळीवर माझं नाव लिहा."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी मान हलवली नाही. लाल-अल्विननं शेजाऱ्याकडे मोहरी मागितली. चर्चचा ऑर्गन वाजवणारी ऐंशी वर्षांची लुडविना श्मिट तेवढी म्हणाली, "बस आता, सॉसेज गार होतंय." एल्विया बसली.

या देशात येऊन तिनं काम मागितलं होतं, घर मागितलं होतं, कागद मागितले होते. ते सगळं कचेऱ्यांकडे. माणसांकडे ती पहिल्यांदाच काही मागत होती: मला तुमच्यातली म्हणा.

निवडणूक मंगळवारी झाली. गुरुवारी सकाळी कॅफेतला फोन वाजला. मोठ्या टेबलावर नेहमीची मंडळी बसली होती: अँब्रोज, दोन्ही अल्विन, कौन्सिलचा ऑथमार, आणि एका टोकाला लुडविना, कारण बायकांच्या टेबलावर बातम्या उशिरा पोहोचतात असं तिचं मत होतं.

"काउंटीच्या निवडणूक कचेरीतून ट्रिशा बोलतेय," फोनवरची मुलगी म्हणाली. "नॉयडॉर्फच्या सिटी हॉलमध्ये कुणी उचलत नाही."

"सिटी हॉल इथं कॉफी पितोय," एल्विया म्हणाली. "बोला."

"तुमच्याकडे लाउटर नावाचं कुणी राहतं का हो? मतदारयादीत सापडत नाही. मेयरसाठी त्यांना एकतीस मतं पडलीयत."

एल्वियाच्या हातातला फडका तसाच राहिला. "एकतीस?"

"हो ना. बाकी एक मत बदकाला आहे, ते सोडा. आणि चार एल्विया रेंतेरिया म्हणून कुणी आहेत त्यांना. त्यातही दोघांनी चुकीचंच लिहिलंय, रेंटारा काय, रंटेरी काय. तर लाउटर कोण?"

एल्वियानं सगळं डोक्यात फिरवून पाहिलं. गावातलं एकूण एक टोपणनाव तिला येत होतं, त्यात हे नव्हतं. म्हणजे आडनावच असणार. कुणीतरी बाहेरचा, यांच्या रक्ताचा, यांच्या नात्यातला. "या नावाचं इथं कुणी राहत नाही," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

"मग कठीण आहे. सोमवारी काउंटीचं मंडळ मतं तपासायला बसेल. तोवर माणूस सापडला नाही तर ती मतं बाद. मग चार मतांवर त्या एल्वियाबाई निवडून येतील. चार तर चार."

एल्वियानं फोन ठेवला आणि टेबलाकडे वळली. "लाउटर कोण आहे?"

आता वाचणाऱ्यानं त्या टेबलाची अवस्था डोळ्यांपुढे आणावी. अँब्रोजनं कपात असं पाहिलं की जणू त्याच्या चष्म्याचं भिंग आत पडलंय. लाल-अल्विन नावाला जागला. ऑथमारला अचानक आठवलं की त्याची गाय व्यायली असेल. त्यानं गाई विकून सात वर्षं झाली होती. एकेक जण उठला, पैसे ठेवले, टोपी घातली, आणि दहा मिनिटांत कॅफे रिकामा.

त्यांची तरी काय चूक? त्यांनी मतदानाच्या पडद्याआड पेन हातात घेतलं, मनात जिला बघत होते तिचं मनातलं नाव लिहिलं. तिचं कागदावरचं आडनाव त्यांना धड लिहिता येत नव्हतं, आणि ते चुकवून तिचा अपमान करायचा नव्हता. ही मतं कुणी मोठ्यानं वाचेल आणि तीही तिलाच वाचून दाखवेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. अशी चूक करायला नॉयडॉर्फचंच पाणी प्यावं लागतं.

एल्वियाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं त्या दिवशीचे बिरॉक तसेच ठेवले, दार लावलं आणि घरी जाऊन स्वयंपाकघरात बसली.

"चार," ती रोहेलियोला म्हणाली. "एक माझं. एक तुझं."

"माझं होतं बरं का," रोहेलियो म्हणाला. "मी बरोबर लिहिलंय."

"दोन माणसं, रोहेलियो. दहा वर्षांत दोन माणसं मिळवली मी. आणि एकतीस लोकांनी ठरवून कुण्या लाउटरला बोलावलंय. मला सांगायचं तरी! जेवणाच्या वेळीच सांगायचं, बाई, तू नको. मी काय भांडले असते?"

"भांडली असतीस," रोहेलियो म्हणाला, पण हळूच.

"चार मतांवर मेयर व्हायचं नाही मला. भीक आहे ती. कॅफे विकू या."

कॅफे विकत घेणारा या भागात सापडायला कबर उकरावी लागली असती, हे दोघांनाही माहीत होतं. पण ती खरंच म्हणत होती. दुसऱ्या दिवशी तिनं दार उघडलं नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कॉफीवाचून म्हातारे बँकेच्या पायऱ्यांवर थंडीत उभे राहिले, एकमेकांना कोपरानं ढोसत. तू सांग. मी कशाला, तू मेयर आहेस. माझी मुदत संपली.

रविवारी चर्च सुटल्यावर लुडविनानं अँब्रोजची बाही धरली आणि त्याला एल्वियाच्या मागच्या दाराशी आणून उभं केलं. एल्वियानं दार उघडलं. डोळे सुजलेले होते.

"या," ती म्हणाली. घरी आलेल्याला परतवायची सवय तिला नव्हती.

अँब्रोज खुर्चीवर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "वारा पडलाय," तो म्हणाला.

"मेयर, मिठाची गुळणी धरलीयस का तोंडात?" लुडविना कडाडली. "बोल की!"

"लुडविना, हे कधी कुणी केलेलं नाही..."

"मग तू कर. नाहीतरी जातोच आहेस विचिटाला."

अँब्रोजनं मोठा श्वास घेतला. "एल्विया, पोरी, ते... लाउटर म्हणजे... ते तूच."

"मी काय?"

"लाउटर. तू. तुला म्हणतात."

त्यानं सगळं सांगितलं. बैठक, मागचा बाक, बहिरा म्हातारा. तो सांगत असताना त्याचा चेहरा घामानं डबडबला होता, नोव्हेंबर असून. एल्विया ऐकत होती. मग ती भडकली.

"म्हणजे दहा वर्षं तुम्ही माझ्यामागं मला 'मोठ्यानं' म्हणताय? मी बडबडी म्हणून?"

"मागंच म्हणणार!" लुडविना म्हणाली. "तोंडावर म्हणायला आम्ही काय जनावरं आहोत? आणि नाव असं कुणालाही देत नाही आम्ही, सांगून ठेवते. तुझ्या शेजारच्या घरात तो शिक्षक आठ वर्षं राहून गेला. भला माणूस. कुणी ठेवलं त्याला नाव? गेला तरी पाहुणाच होता. तुला पहिल्या वर्षात मिळालं. माझी वहिनी लग्न करून आली तिला तेरा वर्षं लागली!"

एल्विया खुर्चीत बसली. एकतीस. तिच्या मनात ते एकेक जण यायला लागले. ऑथमार, ज्यानं दहा वर्षांत तिला 'गुड मॉर्निंग'पलीकडे शब्द दिला नव्हता. मोहरी मागणारा लाल-अल्विन. गेल्या वर्षी ज्यांच्या कुत्र्यावरून तिचं वाजलं होतं ते डोम कुटुंब. यांनी त्या पडद्याआड, एकेकट्यानं, कुणी बघत नसताना, तिलाच लिहिलं होतं. तिच्या कागदावरच्या नावाला नव्हे, तिला. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. अँब्रोजनं घाबरून टोपी डोक्यावर घातली.

"कॅफे उद्या उघडायचा की नाही ते आधी सांग," लुडविना म्हणाली. "मग रड."

सोमवारी काउंटीच्या कचेरीपुढे नॉयडॉर्फच्या पिकअप गाड्यांची रांग लागली. आख्खं शहर आलं होतं, म्हणजे पंचविसेक माणसं, रविवारचे कपडे घालून. मंडळाच्या अध्यक्षा जोआन हॅलवे म्हणून एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"मतदाराच्या मनात कोण होतं ते मला ठरवायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे मतमोजणीनंतर येऊन सांगताय की लाउटर म्हणजे या बाई. ठरवून आलेला नाहीत, हे मी कशावरून समजू? चार दिवसांपूर्वी याच बाईंनी माझ्या कचेरीला सांगितलं की असं कुणी राहत नाही."

"कारण मला माहीत नव्हतं," एल्विया म्हणाली.

"स्वतःचं नाव?"

अँब्रोज उठला. त्यानं टोपणनावांची रीत समजावली, मग खाली बसला. मग पुन्हा उठला. "अजून एकच," असं म्हणून त्यानं तीन अल्विनांची कथा सांगितली. बसला. "आणि अजून एकच," म्हणून परत उठला. मागच्या बाकांवर नॉयडॉर्फची माणसं ओठ चावून छताकडे पाहत होती, आणि लुडविनाचे खांदे गदगदत होते.

हॅलवेबाईंनी ते टिपलं. "काय हसताय सगळे?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"तुम्ही म्हणता सगळ्यांनाच असं नाव असतं आणि ते ज्याचं त्यालाच ठाऊक नसतं," बाई एल्वियाकडे वळून म्हणाल्या. "ठीक. या गृहस्थांचं काय आहे? तुम्ही सांगा, मिसेस रेंतेरिया, आणि बाकीच्यांनी ते न बोलता इथं कागदावर लिहून द्या. जुळलं तर मी मानेन."

ट्रिशानं कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. एल्विया उभीच राहिली. अँब्रोजनं काल तिच्यासाठी आयुष्यभराचा नियम मोडला होता, आणि आज तिनं भर कचेरीत, सगळ्यांदेखत त्याचं झाकलेलं उघडं करायचं? शहर वाचलं तर वाचलं, पण अशानं? ती अँब्रोजकडे पाहत राहिली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. शहात्तर वर्षांच्या माणसाला आता कळणार होतं.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "राहू दे. चार मतं तर चार मतं."

"सांग," अँब्रोज म्हणाला.

"मेयर, नको."

"सांग म्हणतो ना. शहर आहे, पोरी. तिसऱ्या वर्गाचं असलं तरी."

एल्विया खाली बघून काहीतरी पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," हॅलवेबाई म्हणाल्या.

"मोठ्यानं बोल, एल्विया," अँब्रोज म्हणाला. "तूही तिथंच राहतेस."

"नॉख-आन्स!" एल्विया म्हणाली, आणि तिचा आवाज साऱ्या दालनात घुमला. "जुन्या बोलीत म्हणजे 'अजून एकच'. बैठक संपली की मेयर म्हणतात, अजून एकच. मग अर्धा तास."

चिठ्ठ्या गोळा झाल्या. हॅलवेबाईंनी एकेक उघडली. स्पेलिंग कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं, पण नाव तेच होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, डोळेही पुसले. हसून की कसं, कोण जाणे. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मंडळाच्या दोघांनी माना डोलावल्या, आणि एकतीस अधिक चार मतांनी एल्विया रेंतेरिया नॉयडॉर्फ शहराची मेयर झाली. टाळ्या वाजल्या नाहीत. पण दारातून बाहेर पडताना एकेकानं येऊन तिच्या दंडाला हात लावला. ऑथमार म्हणाला, "गुड मॉर्निंग," आणि मग, खूप विचार करून, "मेयर."

एल्वियाला सगळ्यांना काहीतरी सांगायचं होतं. एवढंच निघालं: "उद्या बिरॉक आहेत. मंगळवार असला तरी. पैसे नकोत." ते सगळ्यांना कळलं.

परतताना ती अँब्रोजच्या पिकअपमध्ये बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिवाळी गहू वीतभर आला होता. अँब्रोजच्या तोंडून 'अजून एकच' पुन्हा कधी निघणार नाही, आणि ते आपण घालवलं, असं वाटून एल्वियाला अपराधी वाटत होतं.

"कधीपासून?" त्यानं शेवटी विचारलं.

"मी यायच्या आधीपासून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"बर्नडीनला?"

एल्वियानं विचार केला, एवढं सांगितलं तर हेही सांगावं. "बर्नडीननंच ठेवलं होतं."

अँब्रोजनं गाडी हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली. हात चाकावरच राहिले.

"बैठकीचा दिवस असला की ती माझ्याकडे यायची," एल्विया म्हणाली. "मागच्या दारानं. म्हणायची, नॉख-आन्स गेला मीटिंगला, आता काही लवकर येत नाही, काढ मैदा. मग आम्ही पीठ मळायचो. खिडकीतून सिटी हॉलचा दिवा दिसायचा. तो विझेना की म्हणायची, बघ, अजून एकच चाललंय."

"चिडून?"

"चिडून कशाला? हसत. दर वेळी हसत. तुमचा दिवा विझला की उठायची, हात धुवायची आणि धावत सुटायची, तुमच्या आधी घरी पोहोचायला. तुम्हाला कळू नये ना."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. "मी घरी यायचो तेव्हा तिला धाप लागलेली असायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, छातीचं काहीतरी आहे. डॉक्टरकडेसुद्धा नेली होती एकदा."

एल्वियाला हसू आवरेना, आणि त्यालाही. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"चार वर्षं झाली तिला जाऊन," अँब्रोज म्हणाला. "तिचं माझ्यासाठी जे काही होतं ते सगळं मला मिळालं, आता नवीन काही यायचं नाही, असं धरून चाललो होतो मी. आणि हे तुझ्याकडे होतं. तू मला दिलंस. तुझे आभार कसे मानू, एल्विया?"

"माझे? मीच तुमचे मानते."

"एक कर," तो म्हणाला. "पुन्हा म्हण. ती म्हणायची तसं."

एल्वियानं गळा साफ केला. बर्नडीनचा तो पिठानं भरलेला हात, ती मागे टाकलेली मान आठवली, आणि तिनं तिच्याच सुरात, हसत, त्याच्या तोंडावर ते नाव घेतलं. अँब्रोज डोळे मिटून ऐकत होता. त्यानं न मागता तिनं पुन्हा एकदा म्हटलं.